दोन पाट्यांचं पोरगं

काल शेजारच्या सरदारजींचा नातू वही घेऊन आला, मराठी शुद्धलेखन तपासायला. चौथीत आहे. 'समई'चं त्यानं 'ममई' केलेलं. मी म्हणलं बाळा हे काय, तर म्हणे काकू, गुरमुखीतला स असाच असतो ना! खरंच की, गुरमुखीतला, म्हणजे पंजाबीच्या लिपीतला स दिसायला अगदी आपल्या म सारखा. सकाळी शाळेत एक लिपी, संध्याकाळी आजीपाशी दुसरी, लेकराचा हात गोंधळणारच.

आमच्या नांदेडात ही घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गुरु गोबिंदसिंहजी १७०८ ला इथंच गेले, पुढं महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ मध्ये सचखंड गुरुद्वारा बांधून घेतला, त्या काळात पंजाबातून आलेले कितीतरी जण इथंच राहिले. दखनी शीख म्हणतात त्यांना. ह्या पोराचे पणजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, आजोबा मराठीतून, आता हे इंग्लिश मीडियमला, आणि घरात पंजाबी, मराठी, दखनी हिंदी सगळी मिसळ.

मला राग आला तो त्याच्या बाईंचा. वहीत लाल पेनानं लिहिलंय, घरी पंजाबी बोलणं बंद करा. काऊन बंद करायचं? दसऱ्याला शिखांच्या मिरवणुकीचा हल्लाबोल निघतो तेव्हा आम्ही सगळे रस्त्यावर उभे राहून बघतो, आपल्या नांदेडचा म्हणून मिरवतो, अन् त्याच घरातल्या लेकराची भाषा तेवढी नको?

मी त्याला दोन्ही अक्षरं शेजारी-शेजारी लिहायला लावली, पाच-पाच वेळा. सहाव्यांदा त्यानं न विचारता 'समई' बरोबर लिहिलं आणि खाली गुरमुखीत स्वतःचं नाव.