केरी ते गालजीबाग, माडांच्या आडोशाने

गोव्याच्या किनाऱ्यावर तंबू टाकायचा असेल तर वाळूवर टाकू नका. वाळूच्या मागे माडांची भाटं, म्हणजे बागा असतात, तिथे कुणाला तरी विचारा आणि त्यांच्या परवानगीने टाका. पुण्या-कोल्हापूरकडच्या कुणीही विचारलं तरी मी हेच सांगते. यंदा २६ जानेवारी सोमवारी आली, कॉलेजचा जुना कंपू दोन गाड्या घेऊन म्हापशाला माझ्याकडे उतरला, तेव्हाही मी पहिल्यांदा हेच सांगितलं. त्यांच्या डोक्यात लाटांपासून दहा पावलांवर तंबू आणि समोर शेकोटी असं चित्र होतं. ते होणार नव्हतं. इथल्या पर्यटनस्थळी उघड्यावर चूल मांडली किंवा दारू प्यायली तर दंड होतो. दंड नसता तरी मी त्यांना वाळूवर झोपू दिलं नसतं. का, ते पुढे येईलच.

पहिली रात्र गोव्याच्या उत्तर टोकाला केरीत, माझ्या आत्याच्या भाटात. माडांखाली झोपायचं म्हणजे आधी वर बघायचं. आत्याने आदल्याच आठवड्यात पाडेली बोलावून नारळ उतरवून घेतले होते. कुठले माड पाडून झालेत आणि कुठले राहिलेत ते तिने प्रत्येक बुंध्याला हात लावून दाखवलं, आणि सुकलेली झावळी लोंबत होती तिथून आम्हाला लांब पिटाळलं. रेताड जमिनीत तंबूचे खिळे धरत नाहीत, नुसते ओढले की वर येतात. मग सिमेंटच्या रिकाम्या गोणींत वाळू भरली, त्या अर्ध्या पुरल्या आणि दोऱ्या त्यांना बांधल्या. डास होतेच. संध्याकाळी आत्याने अंगणात नारळाची सोडणं पेटवून धूर केला, त्यानंतर ते बरेच कमी झाले.

जेवणं आटोपून सगळे तंबूत शिरले आणि पलीकडच्या वाड्यावरून पखवाज वाजू लागला. जत्रेचे दिवस, देवळापुढे दशावतार होता. आत्या शाल गुंडाळून निघालीच होती. "झोपायला पुण्यात जागा नाही का? उठा!" म्हणाली. सगळे उठलो.

केरीच्या या पेडणे तालुक्यात जत्रेला दशावतार नसेल तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. मंडळं बहुतेक सिंधुदुर्गातून येतात. लिहिलेली संहिता नसते. कथा काय आणि कोण कुठे येणार एवढं ठरतं, बाकी संवाद नट उभ्या उभ्या रचतात. आम्ही अगदी पुढे चटईवर बसलो होतो. राजाचं सिंहासन म्हणजे एक लाकडी बाकडं, तेच पुढे रथ झालं, तेच डोंगर. राणीचं काम करणारा पन्नाशीचा गृहस्थ शोक करताना असा काही रडला की माझ्या शेजारची कोल्हापूरची मैत्रीण, जिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पदराने डोळे पुसायला लागली. त्या माणसाच्या गालावरचा रंग घामाने ओघळत होता, मनगटाशी बांगड्यांचे वळ दिसत होते, आणि तरी ती राणीच होती. पहाटे दहीकाला फुटला तेव्हा आम्ही जागेच होतो. परतताना वाटेवर पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत आला. गरम उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले आणि चहात बुडवून तिथेच उभ्याने खाल्ले.

रविवारी सकाळी फेरीबोटीने तेरेखोल. किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला होता, गोवा मुक्त व्हायच्या सात वर्षं आधी. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी तिथे उभं राहताना मला ते सगळ्यांना सांगावंसं वाटलं आणि सांगितलं.

मग सरळ दक्षिणेकडे. पणजी, झुआरीचा नवा पूल, मडगाव, त्यात सांगण्यासारखं फार नाही. हमरस्ता सोडून असोळणे, बेतूल, काबो द राम असं किनाऱ्याने जा, एवढंच सांगते. वेळ जास्त लागतो, पण खोलाच्या डोंगरातला तो रस्ता गोव्यातला सगळ्यात सुंदर रस्ता आहे असं माझं ठाम मत आहे. वाटेत खोलाची सुकी मिरची घेतली, भौगोलिक मानांकन मिळालेली. रंगाला तिला तोड नाही.

गालजीबागला माझ्या ऑफिसातल्या एकाच्या काकांचं भाट आहे, सुरूच्या बनामागे, नदीच्या अंगाला. काकांनी जागा दाखवली आणि एकच अट घातली: "रावात. पूण राती वेळेर बॅटरी मारूंक जायना." म्हणजे राहा, पण रात्री वाळूवर बॅटरी मारायची नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि जानेवारी हा भर हंगाम. वाळूत उजेड किंवा हालचाल दिसली तर मादी अंडी न घालताच माघारी फिरते. पिल्लं रात्री बाहेर पडतात आणि जिकडे उजळ दिसेल तिकडे धावतात. काळोखात उजळ असतो तो समुद्र. मागे कुणाचा दिवा जळत असेल तर ती उलट्या दिशेला जातात आणि सकाळपर्यंत कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी पडतात. त्या रात्री आम्ही चुलीवरची पेज, सुक्या मासळीचं किसमूर आणि तळलेले बांगडे खाऊन काकांच्या पडवीत बसलो. वाळूकडे कुणीही फिरकलं नाही.

पहाटे काकांनीच हाक मारली. फटफटलं होतं. पाण्यापासून वर सुरूंच्या दिशेने वाळूत एक पट्टा उमटला होता, ट्रॅक्टरचं एकच चाक फिरून गेल्यासारखा, आणि शेजारी तसाच परतीचा. वनखात्याचा राखणदार आधीच पोचला होता. त्याने बारीक काठीने वाळू चाचपली, काठी एका जागी सहज आत गेली, तिथे तो हाताने उकरू लागला. दीडेक फुटावर अंडी लागली. पांढरी, मऊ कवचाची, ओलसर. जागा भरतीच्या फार जवळ होती म्हणून ती हलवायची होती. एकेक अंडं तो दोन बोटांत धरून, मुळीच न फिरवता, बादलीतल्या ओल्या वाळूत ठेवत होता. उलटंपालटं झालं तर आतला जीव मरतो, म्हणाला. मोजत होता तेही ओठांतल्या ओठांत. शंभरच्या वर भरली. मग कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीचा खड्डा, वर वाळू, आणि फळीवर तारीख व आकडा. वाळू किती तापते त्यावर आत नर होणार की मादी ते ठरतं, जास्त ऊब मिळाली तर माद्या. हे त्याने सांगितलं तेव्हा पुण्याची मैत्रीण कुंपणाशी उकिडवी बसून त्या फळीकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

काकांनी पैसे घेतले नाहीत. आम्ही भाटातल्या पडलेल्या झावळ्या ओढून एका जागी रचून दिल्या आणि कोल्हापूरचा गूळ काकूंच्या हातात ठेवला.

अंडी फुटायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणजे त्या फळीवरच्या तारखेचा हिशेब मार्चच्या मध्यात येतो. मी रजेचा अर्ज देऊन ठेवलाय, पुणेकरांनी तिकिटं बघायला घेतलीत, आणि काका म्हणालेत की राखणदाराचा निरोप आला की लगेच फोन करतो.