सहावा क्रमांक कुणाचा?

"मावशी, थांबव. जरा मागे घे."

भाच्याबरोबर काहीही बघायला बसलं की दर पाच मिनिटांनी हे ऐकावं लागतं. मीही निमूट मागे घेते, कारण ही खोड त्याला माझ्यामुळेच लागली आहे. मी प्रूफं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या पानांवर सुटलेले अनुस्वार आणि चुकलेली सालं शोधायची आणि रात्री तेच डोळे घेऊन त्याच्या शेजारी बसायचं. सध्या आमची 'यंग जस्टिस' ही कार्टून मालिका चालू आहे. माझी ही तिसरी खेप, त्याची पहिली. तो तेरा वर्षांचा आहे. मालिका सुरू होते तेव्हा बॅटमनचा साथीदार रॉबिनही तेवढाच असतो, हे त्याने मला पहिल्याच दिवशी ऐकवलं.

(पुढे मालिकेतली बरीच गुपितं फुटणार आहेत. ज्यांना बघायची आहे त्यांनी आधी बघून या.)

ब्रँडन व्हिएटी आणि ग्रेग वाइझमन या दोघांनी उभी केलेली ही मालिका २६ नोव्हेंबर २०१० ला सुरू झाली. बॅटमन, सुपरमॅन, फ्लॅश ही मोठी माणसं मागे आणि त्यांचे हाताखालचे पोरगेलेसे साथीदार पुढे, अशी तिची मांडणी. मला तिचं वेड लागलं ते मारामाऱ्यांमुळे नाही. प्रसंग बदलला की पडद्याच्या कोपऱ्यात ठिकाण, तारीख आणि वेळ उमटते, वेळेच्या पट्ट्यासकट. पहिल्या भागात ४ जुलै. पहिल्या खेपेला मी या सगळ्या तारखा वहीत उतरवल्या होत्या. कोणती मोहीम कधी झाली, मधे किती दिवस गेले, कोण किती दिवस जखमी होता, शाळा कधी उघडली. एकदाही मला दुरुस्तीची खूण करावी लागली नाही. ज्याने आयुष्यभर इतरांच्या कालगणनेतल्या चुका काढल्या आहेत त्यालाच कळेल की हे किती दुर्मीळ आहे. ती वही आता भाच्याकडे आहे आणि त्याच्या हिरव्या शाईने माझ्या निळ्या शाईवर बरीच कुरघोडी केली आहे.

तर परवा थांबवायला लावलं ते सहाव्या भागात.

या पोरांचा तळ एका डोंगराच्या पोटातल्या गुहेत आहे. आत यायला एक यंत्र आहे, आणि ते येणाऱ्याला ओळखून त्याचं नाव आणि क्रमांक मोठ्याने पुकारतं. रॉबिन बी-०१, ॲक्वालॅड बी-०२, किड फ्लॅश बी-०३, सुपरबॉय बी-०४, मिस मार्शन बी-०५. या भागात आर्टेमिस नावाची धनुर्धर मुलगी पथकात येते. तिला क्रमांक मिळतो बी-०७.

"सहा कुठे गेला?" भाचा.

मी गप्प बसले. मला उत्तर माहीत होतं, पण प्रूफाच्या कामात एक शिस्त असते. शंका आली की आधी पान पुन्हा वाचायचं, लेखकाला फोन नंतर. आम्ही मागे गेलो. आर्टेमिसची ओळख करून दिली जात असते, किड फ्लॅश समुद्रावर जायच्या तयारीत सगळं सामान घेऊन घुसतो आणि सगळ्यांसमोर धडपडतो. त्यातच पोरं तिच्याशी हुज्जत घालत असतात आणि यंत्र पुकारतं: स्पीडी, बी-०६.

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा मागे घेतलं आणि पुन्हा ऐकलं.

स्पीडी म्हणजे रॉय, ग्रीन ॲरो या धनुर्धर वीराचा चेला. पहिल्याच भागात तो आपल्या गुरूवर उखडतो. मोठ्यांनी ज्या इमारतीत या पोरांना मानाने बोलावलं ती नुसती दाखवायची असते, खरा तळ वर अवकाशात फिरतो आहे आणि तिथे पोरांना प्रवेश नाही, हे तो सगळ्यांसमोर फोडतो, टोपी खाली फेकतो आणि निघून जातो. पथक बनतं ते त्याच्याशिवाय. त्याने जुनं नावही टाकून दिलेलं असतं, म्हणून गुहेत पाऊल टाकल्याबरोबर तो यंत्राची चूक सुधारतो: आता मी रेड ॲरो. पण यंत्राला त्याचं जुनंच नाव माहीत आहे, आणि जो कधी आलाच नाही त्याचा क्रमांक त्याने राखून ठेवला आहे. संवादात यावर कुणी अवाक्षर काढत नाही. पंगतीत न आलेल्याचंही पान मांडून ठेवावं, तसं.

यावर भाचा एकदम म्हणाला, "आपण त्यांना विचारू या."

त्यांना म्हणजे वाइझमनना. त्यांच्याबद्दल मीच त्याला सांगितलं होतं. हा माणूस १९९४ साली सुरू झालेल्या 'गार्गॉइल्स' या आपल्या जुन्या मालिकेपासून चाहत्यांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरं देत आला आहे. प्रश्न हजारोंनी येतात आणि उत्तराला खूप वेळ लागतो, कधी कधी इतका की विचारणाराही विसरून गेलेला असतो. त्यांचे काही नियम मला फार आवडतात. पुढे काय होणार हे ते सांगत नाहीत, कितीही आडवळणाने विचारा. चाहत्यांनी सुचवलेल्या कथा ते वाचतच नाहीत. उद्या तसंच काही पडद्यावर आलं तर कल्पना मुळात कुणाची यावरून वाद नको. आणि एखादी गोष्ट त्यांनी स्वतः उत्तरात सांगितली तरी ती पडद्यावर किंवा छापील पानावर येईपर्यंत पक्की धरायची नाही, असं ते बजावतात. अशा गोष्टींना त्यांचा एक खास शब्दही आहे, ज्याचा अर्थ साधारण 'अजून उमेदवारी करत असलेलं सत्य' असा होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रूफावर आहे, छपाईला गेलेलं नाही.

बहुतेक लोक मात्र पुढचंच विचारतात, आणि त्यांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. दुसऱ्या सीझनचा शेवट १६ मार्च २०१३ ला झाला. त्यात उत्तर ध्रुवापाशी धावता धावता वॉली, म्हणजे किड फ्लॅश, विरून जातो, आणि मालिकाच बंद पडते. वाइझमन यांनी नंतर सांगितलं की पैसा खेळण्यांच्या विक्रीवर अवलंबून होता आणि ती हवी तशी झाली नाही. पुढचा सीझन आला तो ४ जानेवारी २०१९ ला. जवळजवळ सहा वर्षं! तेवढा काळ लोक एकच प्रश्न विचारत राहिले, वॉली जिवंत आहे का. मीसुद्धा मनातल्या मनात रोज विचारत होते. पहिल्या सीझनच्या शेवटी नववर्षाच्या मध्यरात्री आर्टेमिसला जवळ घेणारा, नंतर तिच्याबरोबर कॉलेज करायला सगळं सोडून गेलेला हा मुलगा. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याची खबर विचारण्यात वावगं काय?

पण मालिकेने जे मागे ठेवलं आहे त्याच्याबद्दल विचारलं की जास्त हाती लागतं, असा माझा अनुभव आहे. मिस मार्शनचंच बघा. परग्रहावरची ही हिरवी मुलगी काही विसरली की कपाळावर हात मारून स्वतःलाच म्हणते, हॅलो मेगन. सुरुवातीला वाटतं, मुलांच्या मालिकेत असतं तसं पालुपद आहे. माझ्या वहीत पाचव्या भागापाशी लिहिलं आहे: 'स्वतःचं नाव का घेते?' एकविसाव्या भागात कळतं की ते एका जुन्या विनोदी मालिकेतल्या नायिकेचं वाक्य आहे. मंगळावर एकटेपणात तिने ती मालिका पाहिली आणि पृथ्वीवर येताना त्या नायिकेचा चेहरा, नाव, हातवारे, सगळं अंगावर चढवलं, कारण खरं रूप कुणी स्वीकारणार नाही अशी तिला धास्ती. त्यानंतर आधीचे वीस भाग पुन्हा बघा. कपाळावर हात मारलेला दिसला की आता पोटात तुटतं.

किंवा सोळा हा आकडा. ही गोष्ट घडते त्या जगाचं नाव पृथ्वी-१६. सुपरबॉयला प्रयोगशाळेत वाढवलं सोळा आठवडे, आणि तो दिसतो सोळा वर्षांचा. पहिल्या सीझनअखेर मोठ्या वीरांच्या आयुष्यातले सोळा तास गायब होतात आणि त्यावर पुढच्या सीझनची अख्खी गोष्ट उभी राहते. भाच्याने वहीत सोळाचं वेगळं पान केलं आहे. १६ मार्च ही तारीखही त्याने तिथे घातली होती. तो योगायोग आहे म्हणून मी खोडली, त्याने पुन्हा लिहिली.

रॉबिनच्या बोलण्याचीही आमच्या घरात लागण झाली आहे. तो इंग्रजी शब्दांचे उपसर्ग काढून टाकतो आणि उरलेल्या शब्दाला उलटा अर्थ देतो. भाचा हल्ली बरं वाटत असेल तर "आज मी एकदम जार आहे" असं सांगतो, म्हणजे बेजारच्या उलट. नीटनेटका माणूस जागळ. माझ्या धंद्यात अशी भाषा पोटावर पाय आणणारी आहे, पण मी हसते.

चाहते रॉबिनचं वय फार विचारतात. तेरा, हे उत्तर एका शब्दाचं. मला त्यापेक्षा तो प्रसंग महत्त्वाचा वाटतो जिथे वंडर वुमन बॅटमनला तोंडावर सुनावते की तू या मुलाला नवव्या वर्षी या कामात ओढलंस. त्याच्या आईवडिलांच्या खुन्यांना शासन होणं त्याला गरजेचं होतं, असं बॅटमन सांगतो. ती म्हणते, म्हणजे तो तुझ्यासारखा व्हावा म्हणून? आणि तो म्हणतो, तसा होऊ नये म्हणून. त्याआधीच एका भागात रॉबिनने कबूल केलेलं असतं की आपल्याला आता बॅटमन व्हायचं नाही, कामासाठी वाटेल त्याचा बळी द्यायला लागणारं काळीज आपल्याकडे नाही. हे ऐकलेलं असलं की दुसऱ्या सीझनमध्ये तोच मुलगा मोठा होऊन आर्टेमिसच्या मृत्यूचा बनाव रचतो आणि सगळ्या मित्रांना खोट्या सुतकात ठेवतो, ते बघवत नाही. तेव्हा तो नाइटविंग झालेला असतो. रॉबिनचं नाव दुसऱ्या मुलाकडे गेलेलं असतं, त्याला यंत्र बी-२० म्हणतं. नाइटविंग मात्र अजून बी-०१. नाव देऊन टाकता येतं, क्रमांक नाही.

हे माझ्या तोंडून निघालं आणि भाचा पुन्हा सहाकडे वळला.

कारण पहिल्या सीझनच्या शेवटी कळतं की ज्या रॉयला आपण पहिल्या भागापासून बघतो आहोत तो मुळात रॉय नाहीच. खऱ्या मुलाला तीन वर्षांपूर्वीच पळवून त्याच्या जागी त्याची हुबेहूब प्रतिकृती सोडलेली असते, आणि त्या बिचाऱ्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं. ज्याच्यासाठी जागा राखली होती तोच नकळत घरभेदी निघतो.

"मग बी-०६ खऱ्याचा की याचा?"

आम्ही दोन संध्याकाळी यावर घालवल्या. त्याने प्रश्न लिहून काढला, मी वाचला, आणि माझ्या लक्षात आलं की वहीतल्या तारखांवरून उत्तर निघतंय. पथक बनलं जुलैत. खरा रॉय तोवर तीन वर्षं दुसऱ्यांच्या कैदेत झोपलेला होता. त्याला हा क्रमांक कधी मिळालाच नाही. तो याचाच, टोपी फेकून निघून गेलेल्याचा. भाच्याने तो प्रश्न स्वतःच्या हाताने खोडला. पुढे खरा रॉय सापडेल का, हा दुसरा प्रश्न होता, पण दुसऱ्या सीझनमध्ये तो सापडतोच. तोही खोडला.

मग बराच वेळ तो पेन चावत बसला. मी माझ्या प्रूफांना लागले. एका जुन्या आत्मचरित्राचं काम होतं, त्यात लेखकाच्या बहिणीचं लग्न दोन प्रकरणांत दोन वेगवेगळ्या साली लागलं होतं. साडेदहाला त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. एकच ओळ होती. पुढचं काही विचारलेलं नव्हतं, कल्पना सुचवलेली नव्हती, आणि मालिकेत कुठेही याचं उत्तर आलेलं मला आठवेना.

'रॉय नकार देऊन निघून गेला होता, तरी यंत्रात त्याचा सहावा क्रमांक कोणी घालून ठेवला?'

त्याने 'कोणी'खाली दोन रेघा मारल्या होत्या. छापायच्या मजकुरात मी असल्या रेघा ठेवत नाही. या ठेवल्या.