टाका लांब पडलाय

तोक्योत शिबुयाहून इनोकाशिरा मार्गाची लोकल पकडली की दुसरं स्टेशन कोमाबा-तोदाईमाए. तिथून थोडं चालत गेलं की एक जुन्या घाटाची इमारत लागते. दारात बूट काढायचे, सपाता घालायच्या आणि आत जायचं. हे निहोन मिंगेईकान, लोकांच्या हातकामाचं संग्रहालय, १९३६ सालचं. आत मातीच्या बरण्या, वाडगे, परातीएवढ्या थाळ्या, गवताचे रेनकोट. वस्तूंखालच्या पाट्यांवर मजकूर अगदी थोडा, कारण आधी डोळ्यांनी बघावं, माहिती नंतर, असा संस्थापकांचा आग्रह होता.

जपानात येऊन मला आठवं वर्ष लागलं. या संग्रहालयात मी पहिल्यांदा गेले ते एका सहकारी बाईंनी ओढून नेलं म्हणून. एका दालनात निळीत रंगवलेल्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचं भरगच्च काम होतं, शंकरपाळ्यांसारख्या चौकटीत चौकटी. याला कोगिन म्हणतात. उत्तरेकडच्या त्सुगारू भागात शेतकऱ्यांना सुती कापड वापरायला एके काळी बंदी होती. अंगावर तागासारखं विरळ, खरखरीत कापड, आणि थंडी म्हणजे बर्फाची. मग बायकांनी त्या कापडाची भोकं दोऱ्याने बुजवायला सुरुवात केली. ऊब हवी होती. नक्षी त्या बुजवण्यातूनच आली.

मी तिथे उभी होते आणि डोळ्यांसमोर सांगलीतल्या गावभागातला आमचा सोपा. उन्हाळ्याची दुपार, आजी वाकळ शिवत बसलेली. वर-खाली तिची जुनी लुगडी, मध्ये जे मिळेल ते. कडेने धावदोरा घालत घालत आत यायचं, चौकटीच्या आत चौकट. सुईत दोरा ओवायला आम्ही नातवंडं, कारण तिला दिसायचं नाही. एकदा मी म्हटलं, "आजी, किती छान दिसतीय गं!" तर म्हणाली, "वाकळ काय बघायची असती व्हय? पांघर आन् नीज."

संग्रहालय उभारणाऱ्या यानागी सोएत्सू यांना हे उत्तर आवडलं असतं असं मला वाटतं. त्यांनी आणि कावाई कान्जिरो, हामादा शोजी या कुंभार मित्रांनी १९२५ मध्ये 'मिंगेई' हा शब्द घडवला. म्हणणं असं, की रोज वापरायच्या, स्वस्त, पुन्हा पुन्हा त्याच हातांनी केलेल्या वस्तूत एक निरोगी सौंदर्य येतं, आणि करणाऱ्याला आपण काही सुंदर करतोय याची जाणीवही नसते. जपानमध्ये किझाएमोन नावाचा एक वाडगा आहे. मुळात कोरियातल्या गरिबाघरचा, भात खायचा, असं म्हणतात. चहापंथाच्या, म्हणजे चहाच्या जपानी सोहळ्याच्या, जाणकारांनी तो उचलला, आज तो क्योतोच्या एका झेन मंदिरात राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलाय. यानागींना तो १९३१ मध्ये बघायला मिळाला आणि त्याचा साधेपणा बघून ते हरखून गेले.

हे सगळं मला पटतं. एक गोष्ट सोडून. यानागींना करणारा अनामिक असणं फार मोलाचं वाटायचं. पण आमच्या वाकळेत अनामिक काहीच नाही. तो खाकी तुकडा काकाच्या शाळेच्या चड्डीचा. पांढरं, आजोबांच्या धोतराचं. जांभळा काठ आत्याच्या लग्नातल्या लुगड्याचा, आणि जरा ओबडधोबड टाके आहेत ती कड मोठ्या काकूची, हे आई अंधारात हात फिरवून सांगते. कोगिन करणाऱ्या बाईलाही घरात असंच कुणीतरी ओळखत असणार. ती अनामिक झाली काचेमागे आल्यावर. आपल्याला तिचं नाव ठाऊक नाही ही आपली उणीव आहे. तिला तिच्या कामाचा गुण म्हणायला माझं मन तयार होत नाही.

साताऱ्याजवळचं मर्ढे ज्यांचं मूळ गाव, त्या बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार लयीच्या अंगाने केला: संवाद, विरोध, समतोल. कॉलेजात ते पाठ केलं होतं, कळलं नव्हतं. वाकळेत ते बोटांनी कळतं. एकसारखे टाके जातात, मध्येच खाकीशेजारी जांभळं येतं, आणि आजी समोरच्या कोपऱ्यात तसाच एक जांभळा तुकडा लावते. का, असं विचारलं तर "तिकडं उघडं वाटत हुतं" एवढंच. पण मर्ढेकर कलाकृतीबद्दल बोलत होते, आणि ती ऊब, तो वास, अंगावरचं ते वजन त्या हिशेबात कुठे बसवायचं ते मला अजून सापडलेलं नाही. आता तत्त्वज्ञ याही बाजूने लिहू लागलेत. युरिको साइतो यांनी तर कपडे वाळत घालण्यावर लिहिलंय. ते वाचताना मला आई दिसली: गच्चीवर लहान कपडे एका बाजूला, मोठे दुसऱ्या, प्रत्येक झटकून, शिवण जुळवून.

हेही सांगायला हवं की आजीने वाकळ शिवली ती गाद्या-रजया परवडत नव्हत्या म्हणून. तिची पाठ भरून यायची. तोक्योच्या उबदार दालनात उभं राहून "किती सुंदर" म्हणताना ती पाठ मला विसरायची नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांवर गेली. मी इथे रात्रभर फोनला चिकटून. आमचा खालचा मजला बुडाला, ट्रंकेतली वाकळ चिखलात. पाणी ओसरल्यावर फ्रिज टाकला, कपाट टाकलं. वाकळ मात्र आई आणि शेजारच्या काकूंनी दोन टोकं धरून पिळली, चार वेळा धुतली, गच्चीवर कित्येक दिवस वाळवली. एकही टाका सुटला नव्हता.

आजी आता नाही. गेल्या हिवाळ्यात तिच्या एका लुगड्याचा अर्धा भाग मी इकडे आणला आणि शिवायला बसले. आत माझे जुने टी-शर्ट, नवऱ्याचा फाटका शर्ट. पहिली बाजू झाल्यावर आईला व्हिडिओ कॉलवर मोठ्या उत्साहाने दाखवली. रंगसंगती तिने बघितलीच नाही.

"उलटी कर."

उलटी केली.

"जवळ आण. हां. टाका लांब पडलाय गं. रात्री पायाचं बोट अडकंल त्यात."

ती ओळ उसवून ठेवलीय. या रविवारी पुन्हा घालणार आहे.