यादीतलं नाव आजींचं होतं

7 मे 2024ला बारामती लोकसभेचं मतदान झालं आणि दोन दिवसांनी मी मतदानोत्तर सर्वेक्षणासाठी धायरीत गेले. धायरी पुण्यात, पण खडकवासला विधानसभेत असल्यामुळे लोकसभेला बारामतीत जाते. उभ्या होत्या सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार. घराघरात मात्र बोललं जात होतं साहेब की दादा, म्हणजे शरद पवार की अजित पवार.

आमच्या कामात एक नियम कडक असतो. मतदार यादीतून ज्याचं नाव निघालं त्याच्याशीच बोलायचं, बदली माणूस चालत नाही. त्या दुमजली घरातून नाव निघालं होतं अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींचं. खाली थोरला, वर धाकटा, चुली वेगळ्या. दोघंही येऊन बसले. "तिला काय विचारता, आम्ही सांगतो की," थोरला म्हणाला.

थोरला साहेबांचा. वडिलांच्या दशक्रियेला साहेबांच्या बाजूचा एक पुढारी भर पावसात घाटावर तासभर उभा होता, म्हणून. धाकटा दादांचा. कोविडमध्ये बायकोला बेड मिळेना, तेव्हा रात्री दोन वाजता दादांकडच्या एका कार्यकर्त्याने फोन उचलला. रस्ते, पाणी, विकास हेही दोघं बोलले, पण मागाहून, आणि जवळजवळ त्याच शब्दांत. तीन निवडणुका हे काम करतेय. बहुतेक घरांत हाच क्रम दिसतो. आधी माणूस, मग पक्ष, मग मुद्दे. लोक याला अडाणीपणा म्हणतात तेव्हा मला राग येतो. रात्री दोनला उचललेला फोन जाहीरनाम्याहून हलका कसा?

मग आजींना विचारलं, पहिलं मत आठवतं का.

"बैलजोडी," त्या लगेच म्हणाल्या. "मग गाय-वासरू, मग पंजा, मग घड्याळ. चित्र बदललं की मालक सांगायचे, आता ह्ये."

मालक जाऊन पाच वर्षं झालेली. राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष फुटला तो त्यांच्या माघारी, 2023च्या जुलैत. 6 फेब्रुवारी 2024ला निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिलं. शरद पवारांच्या वाट्याला तुतारी वाजवणारा माणूस आला. घरात भांडण नको म्हणून दोन्ही मुलांनी आईसमोर हा विषयच काढला नव्हता.

"आणि परवा कुणाला दिलंत?" हे मी विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "परवा बी घड्याळच. साहेबांना. काचंतनं चिठ्ठी दिसली, मी हात जोडले."

मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागे, दिलेल्या मताची ती चिठ्ठी सात सेकंद दिसते. त्या सात सेकंदांत आजींना मालकांनी सांगितलेलं घड्याळ दिसलं होतं.

कुणीच बोललं नाही. शेवटी थोरला हळूच म्हणाला, "आई, घड्याळ आता दादांचं. साहेबांची तुतारी."

"मग माझं मत गेलं कुनाला?"

धाकट्याने मान खाली घातली. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता, हे मला नोंदवलंच पाहिजे.

आमच्याकडे नकली मतपत्रिका आणि कुलूपबंद डबा असतो. मतदाराने कुणी न बघता खूण करून ती डब्यात टाकायची. आजींनी मतपत्रिका हातात घेतली. तर्जनीच्या नखावरची शाई अजून काळीभोर होती. तेच बोट चित्रांवरून फिरवत त्यांनी विचारलं, "पोरी, शिक्का कशावर मारू? दाबलं त्यावर, का मनात व्हतं त्यावर?"

"जे बटण दाबलं, त्यावर," मी म्हणाले. नियम तोच आहे. पण सांगताना माझा आवाज बसला.

त्या कागद घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दार अर्धं उघडं होतं, कपाटावरचं जुनं स्टिकर दिसत होतं. मालकांनी चिकटवलेलं घड्याळ, कडा फाटलेल्या, दहा वाजून दहा मिनिटं. आजी बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मग बाहेर येऊन त्यांनी घडी डब्यात टाकली.

शेवटचा प्रश्न राहिला होता. तुम्हाला कुठला पक्ष जवळचा वाटतो? उत्तरांचे कोड छापलेले होते.

"मालक असते तर सांगितलं असतं," आजी म्हणाल्या.

मी एकाही कोडला गोल केला नाही. समासात ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.