‘आठवलं’ खोडताना : अनुवादाची नोंद, महिना तिसरा

मंडळी, तीन महिन्यांत जेमतेम दीड पान झालंय, पण या वेळी सांगण्यासारखं बरंच आहे. नव्यांसाठी एवढंच, की इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फच्या ‘मिसेस डॅलोवे’ या कादंबरीची (१९२५) सुरुवात मी मराठीत उतरवतेय. छापायला नाही, स्वतःसाठी. रोज संध्याकाळी वेंगुर्ल्याच्या घरी पडवीत बसून, पाठकोऱ्या कागदांवर.

मागच्या वेळी पहिल्याच वाक्याला अडले होते. फुलं आपणच आणू, असं मिसेस डॅलोवे सांगतात. इंग्रजीला एकच सर्वनाम पुरतं. मराठीत ती की त्या, हे ठरवावंच लागतं. घरात कामाला ल्युसी आहे, बाईंचा रुबाब आहे, म्हणून ‘म्हणाल्या’ ठेवलं. पण दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी, काय सकाळ आहे ही, असं मनात येतं तेव्हा वुल्फ पहिल्यांदा बाईंचं ‘क्लॅरिसा’ हे नाव घेते. तिथून ‘ती’ केलंय. मनातल्या मनात कुणी स्वतःला अहोजाहो करत नाही. पुढे शेजारचा पर्विस तिला रस्त्याकडेला उभी पाहतो, त्या चार ओळींपुरतं पुन्हा ‘त्या’.

या महिन्यात खरी सापडली ती बिजागरी. जूनचा दिवस, संध्याकाळी घरी पार्टी, त्यासाठी दारं बिजागऱ्यांवरून उतरवायला माणसं येणार आहेत. एवढं सांगून वुल्फ पुढे जाते. लगेच तिसऱ्या परिच्छेदात बिजागऱ्यांची बारीक कुरकुर येते, आणि एकावन्न वर्षं पुरी केलेली ही बाई अठराव्या वर्षी, माहेरी बोर्टनच्या घरी, काचेची दारं ढकलून मोकळ्या हवेत शिरलेली असते. मध्ये ‘तिला आठवलं’ असं कुठेच नाही.

माझ्या खर्ड्यात वर ‘दारं काढून ठेवायची होती’ एवढंच होतं. मराठी म्हणून वाक्य अगदी सरळ, पण त्यात बिजागरी गळाली. मग खालची कुरकुर कुठून आली ते कळेना, म्हणून मी तिला ‘आठवलं’चा टेकू दिला. दीड पानात असे पाच टेकू.

श्रावणात आमचं मागलं दार पावसानं फुगून चौकटीत रुतलं. सुतार आले, खालची बिजागरी बघून म्हणाले, “गंजान खाल्ल्यान. दार उतरवूक व्हया.” त्यांनी पहार लावून दार उचललं आणि बिजागरी कर्र करून शेवटी उचकी लागल्यासारखी थांबली. त्या उचकीसरशी मी परुळ्याला आजोळच्या मागल्या दारी होते. पहाट, आजीनं कडी काढलेली, न्हाणीतल्या चुलीचा धूर, पायाखाली गार शेणानं सारवलेली जमीन. आजी हे नाव मनात आलं ते सगळ्यांत शेवटी. आधी आवाज, मग गारवा, मग धूर.

त्याच संध्याकाळी वर ‘बिजागऱ्यांवरून’ हा शब्द घातला आणि खालचे चार टेकू काढले. वाक्य उभं राहिलं! ती कुरकुर तिला ‘आत्ता’ ऐकू येते असं मूळात आहे, क्रियापद मात्र भूतकाळी. मी ‘आत्ताही येतेय कानांवर’ केलं. मनातल्या बोलण्यात मराठी असा काळ बिनदिक्कत बदलते.

बोर्टनच्या त्या हवेसाठी वुल्फनं लाटेचे शब्द वापरलेत, त्यासाठी मला कोश उघडावा लागला नाही. ‘लाटेची थाप’ लिहिलं. आणि क्लॅरिसाची मोकळ्या हवेतली ती झेप दोनदा येते, एकदा उद्गारात, एकदा क्रियापदात. दोन्हीकडे ‘सूर मारणं’. बंदरावर जेट्टीवरून पोरं मारतात तोच.

पाचवा टेकू क्लॅरिसाच्या जुन्या मित्रापाशी, पीटर वॉल्शपाशी आहे. तो हिंदुस्थानातून परतणार, जूनमध्ये की जुलैमध्ये हे तिला आठवत नाही. भाज्यांवरचं त्याचं एक वाक्य मात्र आठवतं, तेही ‘असंच म्हणाला होता ना?’ असं दोनदा चाचपून. माणसं बरी, फ्लॉवरपेक्षा, असं काहीसं. आता आपल्या बाजारात फ्लॉवर म्हणजे भाजी, आणि कादंबरी उघडते खऱ्या फुलांनी. म्हणून ‘फुलकोबी’ घेतलं. गंमत पुढे आहे. काही ओळींनी वुल्फ त्याच वाक्याची आठवण काढते तेव्हा भाजी नुसता कोबी झालेली असते. पहिल्या खर्ड्यात मी ती चूक समजून दुरुस्त केली होती. आता फुलकोबीतलं ‘फुल’ तेवढं गळतं, तसंच ठेवलंय.

ही कादंबरी लिहीत असताना, १९२३ च्या ऑक्टोबरात, वुल्फनं डायरीत लिहिलंय की भूतकाळ हप्त्याहप्त्यानं, गरज पडेल तसा सांगायची रीत सापडायला तिला वर्षभर चाचपडावं लागलं. या पद्धतीला तिनं बोगदा खणण्याचं नाव दिलं. ते वाचून माझ्या दीड पानाबद्दल धीर आला.

पुढे लंडनच्या बिग बेन घड्याळाचे टोले आहेत. शिशाची वर्तुळं हवेत विरतात, असं वाक्य. ‘वलयं’ कानाला गोड, पण शिशाचं वजन जातं असं मला वाटतं. तुम्ही काय घेतलं असतंत?