तुम्ही विचारलंत म्हणून: रेकॉर्डिंगमध्ये भूत येतं का?

मी साउंड रेकॉर्डिस्ट. मालिका, जाहिराती, अधूनमधून एखादा सिनेमा. बारसं असो की लग्न, माझं काम कळलं की दहा मिनिटांत प्रश्न येतोच: "रात्रीबेरात्री हेडफोन लावून बसता, कधी काही ऐकलंत का हो?" 'काही' म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. मुकेश मिलमध्ये काम केलंय असं सांगितलं, तर खुर्चीच पुढे सरकते.

ऐकलं की. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला, त्याच वर्षी कुलाब्याची ही मिल आगीत गेली आणि पुढे शूटिंगवाल्यांच्या हाती आली. छप्पर गेलेल्या दगडी भिंती, भिंतींतून उगवलेली झाडं, मागे थेट समुद्र. तिथे एका नटीच्या तोंडून पुरुषी आवाज निघाला होता, ही गोष्ट प्रत्येक युनिटमधल्या स्पॉटदादाला पाठ असते. ती डोळ्यांदेखत घडलेला स्पॉटदादा मला अजून भेटायचाय. मी ऐकलं ते पाणी, पारवे आणि जनरेटर. जनरेटर सर्वांत जास्त.

आमच्या कामात 'रूम टोन' नावाचा प्रकार असतो. सीन संपला की सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं करायचं आणि त्या जागेची शांतता रेकॉर्ड करायची. एडिटिंगला लागते. कोरी शांतता मला आजवर एकदाही मिळालेली नाही. पंखा, पाइपातलं पाणी, शेजारच्यांचा टीव्ही, लांबची लोकल, काही ना काही असतंच. घरात शूटिंग असलं की मी आधी फ्रिज बंद करतो आणि माझ्या बाइकची चावी त्यात ठेवतो. निघताना चावी शोधत फ्रिजपाशी यावंच लागतं, मग तो चालू करायचं राहत नाही. ही युक्ती आमच्या धंद्यात जुनी आहे.

तर भुतं शोधणारी काही पोरं माझ्या ओळखीची आहेत. नोकऱ्या करणारी, शनिवारी रात्री आरे कॉलनीत नाहीतर मढच्या रस्त्यावर जाणारी. त्यांच्याकडे चुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर असतो. तो आमच्या चाळीतल्या मेन स्विचपाशी धरला, तर भुतांची वरातच निघेल. पण त्यांचा खरा जीव रेकॉर्डरवर. रिकाम्या खोलीत प्रश्न विचारायचा, थांबायचं, आणि नंतर त्या थांबलेल्या जागेत उत्तर शोधायचं. ती क्लिप मग मला येते: "दादा, जरा साफ करून द्या ना."

साफ करण्यातच तर गोची आहे. साध्या रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप वरखाली होते. खोली शांत झाली की यंत्राला वाटतं आवाज कमी पडतोय, आणि ते खरखर वर खेचतं. त्यावर मोबाइलमधलं नॉइज काढणारं ॲप चालवलं की खरखरीचे तुकडे पडतात, आणि ते तुकडे थेट अक्षरांसारखे वाजतात. 'स' आणि 'श' तर फुकटात मिळतात. उरलेला शब्द कान भरून काढतो.

हा नाद जुना आहे. फ्रीडरिश युर्गेनसन नावाच्या स्वीडिश चित्रकाराने १९५९ साली पक्ष्यांचे आवाज टेप केले आणि त्याला त्यात माणसं बोलताना ऐकू आली. पुढे तर वारलेली आईही. त्याच्यामागून आलेल्या कॉन्स्टान्टिन राउडिव्हने अशी रेकॉर्डिंग हजारोंनी जमवली. त्याची भुतं एकाच वाक्यात तीन-चार भाषा बोलत. इतकी मोकळीक असेल तर कुठल्याही खरखरीतून वाक्य निघेल. मुंबईत तर ती सोय आयतीच. अर्धा शब्द मराठी, पाव हिंदी, उरलेला गुजराती, आणि कुणाला काही खटकणार नाही.

मी एकदा घरी करून पाहिलं. पोरांच्या मते त्यांच्या एका क्लिपमध्ये बाई "मला सोडव" म्हणत होती. वहिनीला तसं आधी सांगून ऐकवलं. ती दचकली आणि म्हणाली, स्पष्ट आहे की! आईला काहीच न सांगता ऐकवलं. आई आमची कोकणातली, पिंपळाखालून जाताना मुंज्याला मनातल्या मनात हात जोडणारी. तिने तीनदा ऐकलं आणि म्हणाली, "कुकरची शिट्टी आहे का रे?" आपल्याला जे ऐकू आलं ते दुसऱ्याला आधी सांगायचं नाही, एवढं एक पथ्य पाळा म्हणून मी पोरांना सांगितलं. ते मात्र त्यांना जमत नाही. सांगण्यातच तर अर्धी मजा असते.

न मानणाऱ्यांचंही एक लाडकं यंत्र आहे. विक टँडी या ब्रिटिश इंजिनिअरला प्रयोगशाळेत धास्ती वाटायची, डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसायची. कारण निघालं एक पंखा, कानाला ऐकू न येणारी, सेकंदाला सुमारे १९ कंपनं सोडणारा. १९९८ साली त्याने ते छापलं. गोष्ट झकास आहे, पण आहे एका माणसाची, एका खोलीतली. आमचे काही मित्र जगातली सगळी भुतं त्या एका पंख्याला बांधतात, तेही ज्या श्रद्धेने, ती पाहून मला आईची आठवण येते.

पोरांचा मला राग येत नाही. राग येतो तो भूत उतरवतो म्हणून बाईला साखळीने बांधणाऱ्याचा. त्यासाठी आपल्याकडे २०१३चा कायदा आहे, आणि तो यावा म्हणून वर्षानुवर्षं झगडलेल्या दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला. रात्री रेकॉर्डर घेऊन फिरणं आणि हे, दोन्ही एका मापाने मोजू नयेत.

आता ज्या क्लिपमुळे हे लिहायला बसलो ती. ओळखीतला एक मुलगा आला. वडील जाऊन चार महिने झाले होते. रात्री स्वयंपाकघरात मोबाइल ठेवून त्याने रेकॉर्डिंग केलं होतं आणि त्यात बाबा आईला हाक मारतात, "सुमन", असं त्याचं म्हणणं. आईलाही सोबत आणलं होतं. मी हेडफोन लावला. 'स' होता. पुढे काहीतरी घुमणारं. कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात काकूंनी हेडफोन मागितला. डोळे मिटून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि काढून माझ्या हातात दिला.

"हे नव्हेत ते," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत नावाने कधी हाक मारली नाही. 'ऐकलंस का' म्हणायचे."

मुलगा गप्प झाला. आमच्या हिने चहा आणला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना चप्पल घालता घालता काकूंनी विचारलं, "मग ते मागे घुमतंय ते कसलं?"

"फ्रिज असेल. जुना आहे का?"

"जुना? ह्यांनी पहिल्या बोनसमधून घेतलेला," त्या म्हणाल्या, आणि मुलाला म्हणाल्या, "ते पुसू नकोस हं मोबाइलमधून."