काकांचे जुलाब

अकोल्यात माझं छोटं मेडिकल आहे. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, पारा 44 च्या वर. अशाच एका दुपारी हे काका आले आणि काउंटर धरून उभे राहिले. "चार दिवसांपासून जुलाब होऊन राह्यले भाऊ, गोळी दे ना एखादी."

मी लोपेरामाइडची पट्टी काढली पण, कात्री हातात होती, तेवढ्यात त्यांनी खिशातून पैसे काढले आणि सगळी नाणी खाली सांडली, हात नुसता लटलट कापत होता. बोलणंही जड, प्यायल्यासारखं. आणि काका पक्के माळकरी.

"काका, दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

"काहीच नाही. ते गुडघ्याची तेवढी, तूच तं देल्ली होती."

दिली होती खरी. दहा दिवसांपूर्वी, आयबुप्रोफेन 400, चिठ्ठी न मागता, ओळखीचा माणूस म्हणून. आणि तेव्हा ट्यूब पेटली. यांचा मुलगा दर महिन्याला लिथियम 300 च्या पट्ट्या नेतो, मनाच्या तेजी-मंदीच्या आजाराची गोळी, आवाज खाली करून, आजूबाजूला कोणी नसताना. चिठ्ठीवर नाव वडिलांचं! कितीतरी वर्षं मी ते नाव वाचतोय. काकांना विचारलं तर "ते डोक्याची गोळी होय, ते कायले मोजाची" म्हणाले.

लगेच मुलाला फोन केला, जुलाबाची गोळी परत खोक्यात. सरकारी दवाखान्यात नेलं, लिथियमची लेव्हल आली 2.1. साधारण 0.6 ते 1 च्या आसपास पाहिजे, आणि दीड वर्षात कोणी तपासलीच नव्हती. किडनीला लिथियम आणि मीठ यातला फरक फारसा कळत नाही हो. उन्हानं अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की ती मीठ धरून ठेवते, सोबत लिथियमही धरते, वरून आयबुप्रोफेन घेतली की लिथियम बाहेर पडणं आणखी कमी होतं. मग जुलाब, जुलाबानं अजून पाणी कमी. म्हणजे जुलाब हा आजार नव्हताच, विषबाधेचं लक्षण होतं.

दोन्ही गोळ्या बंद, सलाईन, डायलिसिसची तयारी ठेवली होती पण गरज पडली नाही. मी मुलाला सांगून टाकलं की पेनकिलर माझ्याच हातची होती. तो माझ्यावर चिडला नाही, लिथियमवर चिडला. "फेकूनच देतो आता." त्याला म्हटलं थांब जरा, आठ वर्षांआधी बाबा रात्र-रात्र जागून शेत विकायला निघाले होते, आणि तेजी उतरल्यावर विहिरीकडे कोण गेलं होतं ते तूच सांगितलंस ना. 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केडनं हे औषध वापरलं तेव्हापासून ते टिकून आहे, आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या मोजक्या औषधांपैकी एक आहे. फक्त लेव्हल बघत राहावी लागते. शेवटी मानसोपचार डॉक्टरांनी कमी डोसवर परत चालू केलं.

जुलैत काका स्वतःच चिठ्ठी घेऊन आले, पहिल्यांदाच. लिथियम दिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उभे. मी पॅरासिटामॉलची पट्टी पुढे सरकवली.

"यानं काय होते बाप्पा," म्हणाले, आणि घेऊन गेले.